खरी वाक्यं, खोटा निष्कर्ष

ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने एक इशारा दिला. तिसऱ्या पिढीतल्या गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या तर पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो, असं त्यात म्हटलं होतं. बातमी वाऱ्यासारखी पसरली. धोका शंभर टक्क्यांनी वाढतो हे ऐकून असंख्य स्त्रियांनी गोळ्या बंद केल्या. आता मूळ आकडे बघा. आधीच्या पिढीतल्या गोळ्या घेणाऱ्या ७,००० स्त्रियांमागे साधारण एकीला गुठळी होत होती. नव्या गोळ्या घेणाऱ्या ७,००० जणींमागे दोघींना. एकाचे दोन झाले म्हणजे दुप्पट झालेच, इशाऱ्यात असत्य काहीच नव्हतं. पण पुढच्या वर्षभरात इंग्लंड आणि वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात जास्त झाले. आणि गरोदरपणात गुठळी होण्याचा धोका त्या गोळ्यांमुळे होणाऱ्या धोक्यापेक्षाही जास्त असतो.

यात कुणी कुणाला फसवायला निघालं नव्हतं. तरीही लाखो लोकांची दिशाभूल झाली, आणि तीही एका खऱ्या वाक्याने. दिशाभूल करणाऱ्या युक्तिवादाबद्दल आपली समजूत बहुधा अशी असते की त्यात कुठेतरी एखादी थाप लपलेली असणार, ती शोधली की झालं. पण जे युक्तिवाद खरोखर माणसांना भुलवतात, त्यांतली वाक्यं सुटी सुटी तपासली तर बहुतेकदा खरी निघतात. खोट असते ती एका वाक्यावरून दुसऱ्या वाक्यावर जाताना. 'म्हणून' या शब्दापाशी.

हे 'म्हणून' तपासण्याचं शास्त्र आपल्याकडे फार जुनं आहे. न्यायदर्शन या प्राचीन भारतीय तर्कपरंपरेत त्यावर शतकानुशतकं काथ्याकूट झाला. तिथलं ठरलेलं उदाहरण घेऊ. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. धूर हा हेतू, म्हणजे आपण पुढे केलेलं कारण. आग हे साध्य, म्हणजे जे सिद्ध करायचं आहे ते. या दोघांना जोडणारी गोष्ट बोलणारा बहुधा उघड बोलत नाही, ऐकणारा ती मनात भरून घेतो. ती म्हणजे व्याप्ती: जिथे जिथे धूर, तिथे तिथे आग. ही व्याप्ती पक्की असेल तर युक्तिवाद टिकतो.

आता तेच वाक्य उलटं करून बघा. डोंगरावर आग आहे, म्हणून तिथे धूर असणारच. कानाला हेही तितकंच पटतं. पण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते आणि धुराचा पत्ता नसतो. मग एरवी आगीसोबत धूर का दिसतो? कारण जळण ओलं असतं. या ओल्या जळणाला नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, 'उपाधी' म्हटलं. दोन गोष्टी नेहमी जोडीने दिसतात हे खरं, पण ती जोडी तिसऱ्याच एका गोष्टीमुळे जमलेली असते आणि तिचा उल्लेख कुणी केलेला नसतो. आज संख्याशास्त्र शिकणाऱ्यांना पहिल्या वर्षापासून ज्या लपलेल्या घटकाबद्दल बजावलं जातं, तो हाच. मला हा विचार तर्कशास्त्रातल्या सगळ्यात मोलाच्या विचारांपैकी एक वाटतो.

उपाधी नजरेआड राहिली की काय होतं, याचं प्रसिद्ध उदाहरण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथलं आहे. १९७३ मध्ये तिथल्या पदव्युत्तर प्रवेशांचे आकडे पाहिले गेले. अर्ज केलेल्या पुरुषांपैकी ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला होता, स्त्रियांपैकी ३५ टक्क्यांना. अर्ज हजारोंनी होते, त्यामुळे एवढा फरक योगायोगाने पडला असं म्हणायची सोय नव्हती. स्त्रियांवर अन्याय होतो आहे, हा निष्कर्ष जवळपास आपोआप निघतो. मग आकडे विभागवार मांडले गेले आणि चित्र पालटलं. बहुतेक विभागांत स्त्रियांविरुद्ध असा कल दिसेना. काही ठिकाणी तर तो किंचित त्यांच्या बाजूने होता. ज्या विभागांत प्रवेश मिळणं सगळ्यांनाच कठीण होतं, तिथे स्त्रियांचे अर्ज जास्त होते. इथलं ओलं जळण म्हणजे विभागाची निवड. अर्थात यावरून 'स्त्रियांवर कुठेच अन्याय होत नव्हता' असं म्हणणं ही पुन्हा तशीच उडी होईल. स्त्रिया त्या विभागांकडे का वळत होत्या, किंवा बाकीच्या विभागांकडे का वळत नव्हत्या, हा प्रश्न प्रवेशाच्या आकड्यांच्या मागे उभा राहतोच.

हेतूसारखा दिसणारा पण हेतूचं काम न करणारा, तो हेत्वाभास. न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ असलेल्या, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या न्यायसूत्रांत गौतम मुनीने त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत. सगळे इथे उलगडायची गरज नाही, पण दोन रोज भेटणारे आहेत. पहिला सव्यभिचार: दिलेलं कारण साध्यासोबतही आढळतं आणि साध्य नसेल तिथेही आढळतं. 'चौकशीत तो घामाघूम झाला, म्हणजे गुन्हा त्यानेच केला.' गुन्हेगार घाबरतो हे खरंच. पण निरपराध माणूसही चौकशीत घाबरतो, कदाचित जास्तच. मग घामावरून निवाडा करायचा कसा? दुसरा साध्यसम: कारण म्हणून जे सांगितलं, तेच मुळात सिद्ध व्हायचं बाकी असतं. परंपरेतलं उदाहरण सुंदर आहे. सावली हे एक द्रव्य आहे, कारण ती चालते. पण सावली चालते का? की प्रकाश अडवणारा माणूस चालतो आणि आपल्याला सावली चालल्यासारखी वाटते? ते ठरल्याशिवाय पुढचं काही ठरत नाही. 'हे धोरण लोकांच्या भल्याचं आहे, कारण ते लोककल्याणकारी आहे' हे वाक्य याच जातकुळीतलं. एकच गोष्ट दोन पोशाखांत समोर येते आणि आपल्याला वाटतं दोघे जण भेटले.

न्यायसूत्रांत याहून निराळा एक विभाग आहे, छल. इथे बोलणाऱ्याच्या शब्दातून त्याला अभिप्रेत नसलेला अर्थ काढून त्याच्यावर उलटवतात. एक जण म्हणतो, 'या मुलाचं कांबळं नव आहे', त्याला म्हणायचं असतं नवीन. समोरचा खोडून काढतो, 'नऊ कुठली? मला तर एकच दिसतं.' संस्कृतात 'नव' म्हणजे नवीनही आणि नऊही. हा वाक्छल. उदाहरण बालिश वाटेल, पण याच पद्धतीने आजही मोठमोठे वाद लढवले जातात. उत्क्रांतीबद्दल 'ती तर फक्त एक थिअरी आहे' असं ठणकावून सांगितलं जातं. बोलीत थिअरी म्हणजे एखाद्याच्या डोक्यातला अंदाज. विज्ञानात थिअरी म्हणजे भरपूर पुराव्यांवर उभं राहिलेलं, पुन्हा पुन्हा कसोटीला उतरलेलं स्पष्टीकरण. मधल्या मध्ये अर्थ बदलला जातो आणि ऐकणाऱ्याला ते कळतही नाही.

छलाचा दुसरा प्रकार आहे विधान ताणण्याचा. एखादी गोष्ट साधारणपणे होते असं कुणी म्हणालं की तिला 'प्रत्येक वेळी' होते असं रूप द्यायचं आणि मग एक अपवाद दाखवून ती पाडायची. तुम्ही म्हणता, नियमित व्यायामाने हृदय निरोगी राहायला मदत होते. उत्तर येतं, 'अमका तर रोज पळायचा, तरी हृदयविकाराने गेला.' तुम्ही 'मदत होते' म्हणाला होतात. खोडलं गेलं ते 'व्यायाम करणाऱ्याला कधीच काही होत नाही', जे तुम्ही म्हणालाच नव्हतात. तिसरा प्रकार लाक्षणिक बोलणं शब्दशः घेण्याचा. मंचावरच्या माणसांबद्दल 'मंच ओरडत आहेत' म्हटलं की 'लाकूड कसं ओरडेल?' असं विचारायचं.

ग्रीसमध्येही याच्या काही शतकं आधी ही चर्चा रंगली होती. वक्तृत्व शिकवून मानधन घेणारे सोफिस्ट तिथे नावाजलेले होते. प्लेटोच्या एका संवादात असा युक्तिवाद येतो: हा कुत्रा तुझा आहे, हा कुत्रा बाप आहे, म्हणून हा तुझा बाप आहे. ऐकून हसू येतं, कारण निष्कर्ष उघडच वेडगळ आहे. ॲरिस्टॉटलने अशा फसव्या खंडनांचे तेरा प्रकार केले. सहा भाषेतून उद्भवणारे, सात भाषेबाहेरचे. सोफिस्टांबद्दल आपल्याला बरंचसं त्यांच्या विरोधकांकडूनच कळतं, हेही ध्यानात ठेवायला हवं.

आकड्यांचा युक्तिवाद या सगळ्यांपेक्षा जास्त घातक ठरतो, कारण आकड्यापुढे आपण गप्प होतो. इंग्लंडमधला सॅली क्लार्क यांचा खटला मला त्यामुळेच विसरता येत नाही. त्यांची दोन तान्ही मुलं एकामागून एक, काही आठवड्यांची असताना दगावली. दोघांचा खून केल्याच्या आरोपावरून १९९९ मध्ये त्यांना जन्मठेप झाली. खटल्यात एका नामवंत बालरोगतज्ज्ञाने साक्ष दिली की अशा सुस्थितीतल्या, धूम्रपान न करणाऱ्या कुटुंबात एका बाळाचा असा आकस्मिक मृत्यू होण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक असते. दोन बाळांसाठी त्याचा वर्ग करायचा. उत्तर येतं जवळपास सात कोटी तीस लाखांत एक.

यात दोन चुका आहेत, आणि दोन्ही वेगळ्या जातीच्या आहेत. पहिली गुणाकाराची. दोन घटना एकमेकींपासून पूर्ण स्वतंत्र असतील तरच शक्यतांचा असा गुणाकार करता येतो. एकाच घरातल्या दोन बाळांमध्ये आनुवंशिक दोष सारखा असू शकतो, परिसर सारखा असू शकतो. पहिलं बाळ गेलं असेल तर दुसरं जाण्याची शक्यता वाढते.

दुसरी चूक जास्त खोल आहे. समजा आकडा बरोबर आहे असं धरलं, तरी त्याचा अर्थ काय? एखाद्या कुटुंबात दोन बाळं नैसर्गिक कारणाने जाण्याची शक्यता सात कोटींत एक. कोर्टात बसलेल्या माणसाच्या कानात मात्र ते असं शिरतं: ही बाई निर्दोष असण्याची शक्यता सात कोटींत एक. ही दोन वाक्यं एक नाहीत. बाळं गेली आहेत, हे तर घडून गेलेलं आहे. आता प्रश्न असा की या घटनेची जी स्पष्टीकरणं संभवतात त्यांत कोणतं जास्त संभवतं? आईने स्वतःची दोन तान्ही मुलं एकामागून एक मारणं हेही अत्यंत दुर्मिळ असतं. एका दुर्मिळ गोष्टीची तुलना दुसऱ्या दुर्मिळ गोष्टीशी करायला हवी होती. ती केलीच गेली नाही. लॉटरी जिंकण्याची शक्यता कोट्यवधींत एक असते, म्हणून जो जिंकला त्याने लबाडीच केली असणार, असं आपण म्हणत नाही. तर्काची ठेवण मात्र तीच आहे.

२००१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने या आकड्याच्या वापराविरुद्ध जाहीर निवेदन काढलं. जानेवारी २००३ मध्ये शिक्षा रद्द झाली. त्याचं मुख्य कारण बचाव पक्षापासून दडलेला एक वैद्यकीय अहवाल हे होतं, पण न्यायालयाने आकडेवारीवरही ताशेरे ओढले. तोवर सॅली क्लार्क यांनी तीन वर्षांहून जास्त काळ तुरुंगात काढला होता. २००७ मध्ये त्या वारल्या.

इथवरच्या उदाहरणांत कुणाचा डाव होता असं म्हणता येत नाही. डावाचं उदाहरण सिगारेटचं. १९५० मध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी फुप्फुसाचा कर्करोग आणि धूम्रपान यांचा संबंध दाखवला. जानेवारी १९५४ मध्ये अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांनी चारशेहून जास्त वृत्तपत्रांत निवेदन दिलं. त्यातला सूर समंजस होता: संशोधकांत एकमत नाही, कर्करोगाची अनेक कारणं असू शकतात, आम्ही संशोधनाला मदत करू. कर्करोगाला अनेक कारणं असतात हे खरंच आहे. पुढे एका कंपनीच्या १९६९ च्या अंतर्गत टिपणात आतली गोष्ट स्पष्ट लिहिलेली सापडली: शंका हेच आमचं उत्पादन.

न्यायशास्त्रात वादाचे तीन प्रकार आहेत. सत्य शोधण्यासाठी केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला तो जल्प, आणि स्वतःचं काहीही न मांडता फक्त समोरच्याचं खोडत राहणं ती वितंडा. कंपन्यांनी 'सिगारेट निरुपद्रवी आहे' हे सिद्ध करायचा भार उचललाच नाही. तो उचलला असता तर हरल्या असत्या. समोरच्याचा पुरावा अजून पुरेसा नाही, एवढंच म्हणत राहिल्या. वितंडेचा इतका मोठा, इतका खर्चिक आणि इतक्या जिवांना भोवलेला प्रयोग दुसरा शोधावा लागेल.

यातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग रोनाल्ड फिशर यांचा. आधुनिक संख्याशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी ते एक. त्यांचं म्हणणं असं की दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. कदाचित एखादी जनुकीय घडणच माणसाला सिगारेटकडेही ओढत असेल आणि कर्करोगाकडेही. म्हणजे त्यांनी उपाधीची शंका काढली. तत्त्व शंभर टक्के बरोबर. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली की आपणही हेच म्हणतो. फिशर तेव्हा तंबाखू उद्योगाचे सल्लागारही होते, पण तेवढ्यावरून त्यांची शंका खोटी ठरत नाही. तिला उत्तरच द्यायला हवं होतं. १९५९ मध्ये जेरोम कॉर्नफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते दिलं. सिगारेट ओढणाऱ्यांना कर्करोगाचा धोका नऊपट दिसत असेल आणि तो सगळा एखाद्या लपलेल्या घटकामुळे असेल, तर तो घटक सिगारेट ओढणाऱ्यांत न ओढणाऱ्यांपेक्षा निदान नऊपट आढळायला हवा. असा घटक कुणाला दाखवता आला नाही.

शंका कुठवर घ्यायची, हा प्रश्न दहाव्या शतकातले नैयायिक उदयनाचार्य यांनाही पडला होता. त्यांचं उत्तर: व्याघात होईपर्यंत. म्हणजे शंका घेणारा स्वतःच्याच वागण्याशी विसंगत होईपर्यंत. धुरासाठी जो माणूस रोज आगच पेटवतो, त्याने आग आणि धुराच्या संबंधावर अखंड शंका घेत बसू नये. या कसोटीवर सिगारेट कंपन्यांची शंका कधीच संपायला हवी होती.

गौतमाने जल्प आणि वितंडेला एक उपयोगही नेमून दिला आहे. कोवळ्या अंकुराभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात, तसं नुकत्याच उमगलेल्या सत्याचं रक्षण करायला ती वापरावीत. इथे मी गौतमाशी सहमत नाही. आपण जे राखतो आहोत तो सत्याचा अंकुर आहे, अशी खात्री प्रत्येक पक्षाला असतेच, आणि काटे अंकुर ओळखत नाहीत. शिवाय चांगल्या गोष्टीसाठी वापरलेला लबाड युक्तिवाद उघडा पडला की ती चांगली गोष्टही त्याच्यासोबत बुडते.

आपण असल्या युक्तिवादांना का भुलतो? बुद्धी कमी पडते म्हणून क्वचितच. निष्कर्ष आपल्या मनासारखा असला की आपण 'म्हणून' तपासायचं सोडून देतो, हे खरं कारण. हे उदाहरण वाचा: सगळ्या फुलांना पाणी लागतं, गुलाबाला पाणी लागतं, म्हणून गुलाब हे फूल आहे. बरोबर वाटलं? तर्क साफ चुकीचा आहे. 'फुला'च्या जागी पक्षी आणि 'गुलाबा'च्या जागी माणूस घालून पाहा: सगळ्या पक्ष्यांना पाणी लागतं, माणसाला पाणी लागतं, म्हणून माणूस हा पक्षी आहे. १९८३ च्या एका गाजलेल्या प्रयोगात, तर्क चुकीचा पण निष्कर्ष पटण्याजोगा असे युक्तिवाद लोकांनी सुमारे ७० टक्के वेळा मान्य केले. तर्क तितकाच चुकीचा पण निष्कर्ष न पटणारा असेल तेव्हा फक्त १० टक्क्यांच्या आसपास. कुत्र्याला बाप ठरवणारा युक्तिवाद आपण चटकन पकडतो तो त्यामुळेच.

यातूनच एक उपयोगी हत्यार हाती येतं. युक्तिवादाचा सांगाडा तसाच ठेवायचा आणि त्यातली नावं बदलायची, शक्यतो अशी की निष्कर्ष आपल्याला नकोसा व्हावा. तरीही तर्क पटतो का? हे आपल्या बाजूच्या युक्तिवादांवर करून पाहणं जास्त कठीण आणि जास्त गरजेचं. आकडा आला तर विचारायचं: कशाच्या तुलनेत, एकूण कितींत, आणि सोबत दिसणाऱ्या दोन गोष्टींमागे ओलं जळण कुठलं?

तर्कदोषांची नावं पाठ करण्याचा मात्र मला भरवसा वाटत नाही. नावं आली की ती समोरच्यावर फेकायची सवय लागते. तज्ज्ञाचं मत सांगितलं की 'हा आप्तवाक्याचा दोष', परिणामांचा इशारा दिला की 'ही घसरगुंडीची भीती'. तज्ज्ञ त्याच विषयातला असेल तर त्याचं मत हा चांगला पुरावा असतो, आणि काही वाटा खरोखरच घसरड्या असतात. न्यायसूत्रांत वरवरच्या साम्यावर किंवा भेदावर उभारलेल्या अशा फसव्या खंडनांनाही स्वतंत्र नाव आहे, 'जाति', आणि तिचे चोवीस प्रकार दिले आहेत. म्हणजे खंडन करणाराही तितकाच चुकू शकतो, हे तेव्हाच धरून चाललं होतं.

आणि युक्तिवाद फसवा निघाला, म्हणजे निष्कर्ष खोटा ठरला असंही होत नाही. पृथ्वी फिरते हे पटवायला गॅलिलिओने १६३२ मध्ये भरती-ओहोटीचा पुरावा पुढे केला होता. पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या आणि सूर्याभोवतीच्या अशा दोन गतींमुळे समुद्राचं पाणी हिंदकळतं, असा त्याचा दावा. भरतीमागे चंद्र आहे, हे केप्लरचं म्हणणं त्याने झिडकारलं. त्याचा हा युक्तिवाद चुकीचा होता, आणि पृथ्वी तरीही फिरतच होती. तिच्या सूर्याभोवतीच्या भ्रमणाचा पहिला थेट पुरावा खगोलशास्त्रज्ञ जेम्स ब्रॅडलीला १७२० च्या दशकात ताऱ्यांच्या जागेत वर्षभरात पडणाऱ्या सूक्ष्म फरकातून मिळाला. भरती-ओहोटीचा त्यात काही संबंध नव्हता.